मेड-पेड्स लागलं रे!

नागपूर,
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय मकरंद,

शुक्रवारी रात्री साडेनऊला ईमेल आला. मेड-पेड्सच, म्हणजे अमेरिकेतली मेडिसिन आणि पेडियाट्रिक्स (बालरोग) दोन्हींची एकत्र रेसिडेन्सी, आणि तेही पहिल्या पसंतीचा प्रोग्रॅम! मॅच झालंय, म्हणजे कुठेतरी जागा मिळालीय, हे सोमवारीच कळलं होतं. पण कुठे, ते शुक्रवारपर्यंत सांगतच नाहीत. तोवर आईने घरातले सगळे देव कामाला लावले होते.

काय लागतं, विचारलंस. तिथल्या लायसन्स परीक्षेत स्टेप वनला २०२२ पासून मार्क नाहीत, नुसतं पास-नापास. म्हणून सगळी भिस्त स्टेप टूवर. ते तुला ठाऊकच आहे. इथे खरा कस लागतो तो ‘दोन्ही कशाला?’ या प्रश्नावर. चार वर्षं, निम्मं मेडिसिन, निम्मं पेडियाट्रिक्स, मग दोन्हींच्या बोर्ड परीक्षा. ‘दोन्ही आवडतात’ एवढ्यावर कोण घेईल?

इंटर्नशिपमधली ती सिकलसेलची मुलगी आठवते? पेडियाट्रिक्सच्या सिस्टर तिला नावाने हाक मारायच्या. बारा वर्षं पूर्ण झाली आणि पुढच्या क्रायसिसला, म्हणजे वेदनांच्या झटक्याला, तिची रवानगी थेट मेडिसिनच्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवर धापा टाकणाऱ्या आजी. जुनी फाइल खालच्या मजल्यावरच राहिलेली, हायड्रॉक्सियुरिया या तिच्या औषधाचा डोस कुणाला ठाऊक नाही. तिची आई घडी पडलेली चिठ्ठी एकेका ज्युनिअर रेसिडेंटपुढे धरत होती. अर्जासोबतचं माझं स्टेटमेंट म्हणजे एवढंच. आजारी मुलं जगतात, मोठी होतात, मग त्यांना बघायचं कुणी? झूमवरच्या मुलाखतींत जवळपास प्रत्येकाने त्या मुलीबद्दलच विचारलं.

दुसरा ठरलेला प्रश्न: ‘मग फॅमिली मेडिसिन का नको?’ आढेवेढे घेऊ नकोस. त्यात बाळंतपणंही आली. मला दोन्ही वयांचे अ‍ॅडमिट झालेले, गुंतागुंतीचे पेशंट हवेत, असं सरळ सांगितलं.

शिफारसपत्रं एका प्रोग्रॅमला चारच जोडता येतात. त्यात दोन्ही विभागांची हवीत. नुसती मेडिसिनची दिलीस तर पेडियाट्रिक्सवाले नाक मुरडतील. रँक लिस्टमध्ये, म्हणजे आपल्या पसंतीक्रमाच्या यादीत, मेड-पेड्सखाली साधं मेडिसिनही टाकता येतं, मी टाकलं होतं. पण क्रम मनातलाच लाव. ‘तिथे आपल्याला कोण घेणार’ म्हणून आवडता प्रोग्रॅम खाली ढकलू नकोस, त्याने काडीचाही फायदा होत नाही. मॅचचं अल्गोरिदम आपल्याच पसंतीपासून सुरू होतं.

आता जे-वन व्हिसाची कागदपत्रं. तुझं स्टेटमेंट कच्चंच पाठव. फक्त ‘लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं’ने सुरुवात केलीस तर पुढे वाचणार नाही, सांगून ठेवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल