चारधामच्या वेळापत्रकात एक मोकळा दिवस ठेवा

महोदय,

अक्षय्य तृतीया जवळ आली की चारधामच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. ‘चार धाम, मराठी जेवण’ हे ठळक अक्षरांत; विश्रांतीचा दिवस मात्र कुठेच नाही.

गेल्या वर्षी आम्ही अशाच एका सहलीने गेलो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, गौरीकुंडापासून चढण १६ किलोमीटरची. आदल्या रात्री उशिरा मुक्कामी पोहोचलो, पहाटे ३ वाजता उठवलं. सोनप्रयागला, गौरीकुंडाला नेणाऱ्या जीपच्या रांगेतच उजाडलं. चढणीवरच्या लिंचोलीला माझे मेहुणे (वय ६७) कठड्यावर बसले ते उठेनात. ओठ निळसर, स्वेटरचं बटण बोटांना लागेना. पिशवीत चिवडा आणि भाकरवडी, हातमोजे खाली बसमध्ये! औषधोपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि ‘वर नाही, खाली न्या’ एवढंच सांगितलं. आम्ही कळसही न पाहता उतरलो.

उंचीवर हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ सहल कंपन्या खर्च म्हणून कापतात आणि आपणही स्वस्तातली सहल शोधतो, हे कबूल करायला हवं. साठीपुढच्यांनी निघण्याआधी रक्तदाब, हृदय तपासून घ्यावं. गौरीकुंडाच्या अलीकडे गुप्तकाशीला एक दिवस थांबावं, चढण एका दिवसात चढून-उतरून संपवू नये. सरकारी नोंदणी सक्तीची आहेच, पण नोंदणी झाली म्हणजे तयारी झाली असं नाही.

मेहुण्यांनी यंदा पुन्हा नाव नोंदवलंय. गुप्तकाशीला दोन रात्री, आणि हातमोजे खिशात.

– एक वाचक, सातारा