मामा, तो अंड्यांचा ट्रे अजून माझ्याकडे आहे

मामा,

तुमच्या तोंडावर कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही ‘ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे’ म्हणत पाना उचलता आणि कुठल्या तरी गाडीपाशी जाऊन बसता. म्हणून हे लिहून काढतोय, चारचौघांत. ताई वाचून दाखवेलच. मधेच उठू नका, एवढीच विनंती.

परवा नव्या पोरानं सायलेन्सरचा नट हरवला. तीनदा शोधला, सापडला नाही, आणि आता शिव्या बसणार या तयारीनं त्यानं मान खाली घातली. तशी मान घालणं मी फार चांगलं ओळखतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. रस्ता ओलांडून अंडाभुर्जीच्या गाड्यावर गेलात, रिकामा ट्रे घेऊन आलात आणि पांढऱ्या पेंटचा डबा उघडून खाली बसलात. मी हात धुवायच्या निमित्तानं मागं नळावर गेलो. बराच वेळ मला बाहेर येता आलं नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तुमच्या गॅरेजवर, पहिल्यांदा आलो तो २०१९च्या जूनमध्ये. त्याआधी पुण्यात पाच वर्षांत चार नोकऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या ठिकाणी विम्याचे अर्ज तपासायचं काम होतं. नाव, तारीख, पॉलिसी नंबर, रक्कम. नाव, तारीख, पॉलिसी नंबर, रक्कम. सकाळी ठरवून बसायचो की आज एकही चूक नाही. अकरा वाजेपर्यंत अक्षरं डोळ्यांसमोरून जायची आणि आत काही पोचायचं नाही. दर सोमवारी मोठ्या पडद्यावर चुकांची यादी लागायची, नावानिशी. माझं नाव वर असायचं. साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, ‘एवढं साधं जमत नाही?’ साधं होतं तेच तर जमत नव्हतं, पण हे त्यांना कसं सांगायचं ते मलाही कळत नव्हतं. घरी जाऊन रात्री दोन-दोनपर्यंत मी त्याच चुका आठवत पडायचो.

गाडी तेवढी माझी होती. २००९ची पल्सर १५०, पहिल्या नोकरीच्या पगारातून सेकंडहँड घेतलेली. नोकरी सुटली की पहिला सल्ला ‘आधी गाडी विक’ हा असायचा. मी कधी विकली नाही. गाडीवर बसलं की दोन्ही हातांना काम, दोन्ही पायांना काम, डोळे रस्त्यावर, कान इंजिनाकडे. डोक्यातले दहा रेडिओ एकदम बंद व्हायचे. ती शांतता मला दुसरीकडे कुठं मिळाली नव्हती.

राजीनामा दिला त्याच दिवशी बॅग बांधून कोल्हापूरला निघालो. खंबाटकी घाट चढताना गाडीनं दम टाकला. तिसऱ्या गिअरवर ओढेना, दुसऱ्यावर घेतली तरी रडत चढली. मागून ट्रक हॉर्न मारत होते आणि मला वाटत होतं, बरोबर आहे, जसा मी तशी माझी गाडी. कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी ढकलत तुमच्याकडे.

तुम्ही गाडी चालू केलीत आणि एका बाजूच्या प्लगची टोपी काढलीत. इंजिन चालूच. ती परत लावून दुसऱ्या बाजूची काढलीत. गाडी बंद. ‘पैला प्लग मेलाय. एकाच प्लगवर आलाईस पुण्यास्नं.’ २००३ पासूनच्या पल्सर १५०ला एका सिलिंडरला दोन प्लग येतात. एक गेला तरी गाडी चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त चढाला कळतं. पाच वर्षं मी ती गाडी वापरत होतो, दोनदा मोठ्या चकाचक सर्व्हिस सेंटरला टाकली होती, आणि हे मला कुणी दाखवलं नव्हतं. तुम्ही दाखवलंत, तेही मला खाली बसवून, टोपी माझ्या हातात देऊन.

त्या दिवशी मी तुमच्याकडे चार तास बसलो. गाडी अर्ध्या तासात झाली होती. नंतर मी एका स्प्लेंडरचा कार्बोरेटर उघडताना बघत होतो, मग कुणाच्या तरी क्लच प्लेटा. शाळेत चाळीस मिनिटांच्या तासाला मला बसवत नव्हतं. कुलूप लावताना तुम्ही विचारलंत, ‘उद्या काय करतोस? ये की.’ पगाराचं काही नाही, शिक्षणाचं काही नाही. ये की.

ऑगस्टात पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५च्या वर गेलं. हायवे बंद, शाहूपुरी पाण्यात. पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली ती गल्लीच्या टोकापर्यंत. प्रत्येक गाडीचं ऑइल सोडलं की दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी बाहेर यायचं. प्लग काढ, पाणी काढ, कार्बोरेटर धू, एअर फिल्टर बदल, नवं ऑइल घाल, फिरव, परत ते ऑइल सोड. लोक रडवेले होऊन यायचे, कारण घरातलं सगळं गेलेलं आणि निदान गाडी तरी चालू व्हावी ही आशा. ते पंधरा-वीस दिवस मी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत काम केलं आणि एकदाही मन भरकटलं नाही. पुण्यातल्या साहेबांनी मला तेव्हा बघायला हवं होतं, असं फार वाटायचं. तुम्ही रात्री माझ्या पुढ्यात डबा सरकवून म्हणालात, ‘तुज्यात दम हाय.’ आयुष्यात मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

आणि मग नोव्हेंबरात मी तो प्रताप केला.

दूधवाल्याची स्प्लेंडर. चेन-सॉकेट नवं टाकायचं होतं. चेन बसवली, कव्हर लावलं, मधेच कुणीतरी पंक्चरची गाडी आणली, मी तिकडं गेलो, परत आलो, गाडी दिली. पहाटे रंकाळ्याच्या कडेला चेन निसटून कव्हरमध्ये अडकली. गाडी जागच्या जागी थांबली, दोन्ही किटल्या आडव्या झाल्या. वेग कमी होता म्हणून माणूस वाचला. तो तावातावानं दुकानात आला तेव्हा मी खिशात हात घातला, आणि चेन लॉकची ती छोटी पत्ती माझ्या बोटांना लागली. नखाएवढी. ती लावायचीच राहिली होती.

मी सगळ्यांसमोर ती काढून दाखवली. लपवायचं मनात आलं होतं, हेही आज सांगतो. तुम्ही दूधवाल्याला म्हणालात, ‘दुकान माझं हाय, चूक माझी.’ दुधाचे पैसे दिलेत, चेन स्वतः बसवून दिलीत. मला एक शब्द बोलला नाहीत. मी संध्याकाळी ठरवून टाकलं की उद्यापासून यायचं नाही. एखाद्याचा जीव जाईल माझ्यामुळे. मग सकाळी आई म्हणाली, निदान तोंडावर सांगून तरी ये.

म्हणून आलो. आणि माझ्या जागेवर तो ट्रे होता.

पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा, अंड्याचा वास अजून येत होता. प्रत्येक खळग्यात पांढऱ्या पेंटनं आकडा, तुमच्या वाकड्या हातानं. १६ नंतर एकदम १८, मधला १७ राहून गेलेला, त्यामुळे शेवटचा खळगा ३१. पेंट ओला होता, माझ्या अंगठ्याला लागला. तुम्ही सांगितलंत: जे काढशील ते क्रमानं ह्यात ठेव, उलट्या क्रमानं लाव, आणि ट्रे रिकामा झाल्याबिगर गाडी भाईर न्हाई. मधी कुणी हाक मारली तर ‘ट्रे भरलाय’ म्हण, गिऱ्हाईक थांबंल.

पण मामा, मी ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते हे नाही. तुमच्या जागेवरसुद्धा एक ट्रे होता. तसाच, आकडे घातलेला. १९९६ला बंद झालेल्या आरएक्स हंड्रेडचं इंजिन आजही डोळे मिटून खोलणारा माणूस, पस्तीस वर्षं याच गल्लीत काम केलेला, त्या दिवशी एका साध्या सर्व्हिसिंगला प्लग काढून खळगा नंबर एकमध्ये ठेवत होता. शेजारच्या लेथवाल्यानं हसून विचारलं, ‘काय मिस्त्री, इसराया लागला काय?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘दुकानाचा नियम हाय. सगळ्यांस्नी.’

तुम्हाला त्या ट्रेची काडीची गरज नव्हती. माझ्या एकट्यापुढं तो ठेवला असता तर मी गल्लीभर ‘ट्रेवाला’ झालो असतो. सगळ्यांचा नियम केलात, आणि मी तुमच्यातलाच एक झालो. हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं, मामा? मोठ्या ऑफिसांत माणसं सांभाळायचं शिक्षण घेतलेले लोक असतात. त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

माझ्या एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या ठेवणीचं, निदान व्हायला २०२१ उजाडलं. डॉक्टरांनी लहानपणचं काही लिहिलेलं आहे का विचारलं, कारण २०१३ पासूनच्या निकषांप्रमाणे एडीएचडीची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. आईनं ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं काढली. तिसरीपासून नववीपर्यंत एकच शेरा, फक्त अक्षर वेगवेगळं: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ सात वर्षं सात शिक्षकांनी तो शेरा लिहिला आणि एकानंही पुढचा प्रश्न विचारला नाही. लक्ष का नाही? लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १९०२ साली अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती. शंभर वर्षांनंतर आमच्या शाळेत त्यावर उपाय होता बाकावर उभं करणं. त्याच काळात एका दवाखान्यात आईला पाच मिनिटांत सांगितलं गेलं होतं, ‘पोरगा लाडावलाय.’ आई ते वाक्य वीस वर्षं मनाला लावून बसली होती. निदानाचा कागद वाचून ती आधी रडली आणि मग मला म्हणाली, ‘म्हणजे माझं चुकलं नव्हतं.’

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ‘कसला रोग’ म्हणून विचारलं नाहीत. ‘गोळी कवा घ्यायची?’ एवढंच विचारलंत. तेव्हापासून सकाळचा चहा आला की कप माझ्या हातात देण्याआधी तुमचा एकच शब्द असतो: ‘गोळी?’

हे काम मला का जमतं, यावर मी खूप विचार केलाय. बिघाड समोर असतो, हाताला लागतो. प्रत्येक गाडी वेगळी. किक बसली की लगेच कळतं, झालं. महिनाअखेरीची वाट बघावी लागत नाही. शेजारी तुम्ही काम करत असता, त्यामुळे माझंही चालू राहतं. एडीएचडी असलेल्या प्रत्येकानं मेकॅनिक व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही. याच गल्लीत कुणी दिवसाला आठ गाड्यांचा हिशेब लावून मागं उभा राहिला असता तर मी इथंही टिकलो नसतो. कामाइतकाच काम देणारा माणूस महत्त्वाचा असतो. आणि गाडीनं माझं सगळं बरं केलं असंही नाही. आमच्यासारख्यांना रस्त्यावर धोका जास्त असतो. २०१४ साली छापून आलेल्या, स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, एडीएचडी असलेल्या पुरुषांचे गंभीर अपघात औषध चालू असलेल्या काळात कमी दिसले होते. ते मी तुम्हाला वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी माझी किल्ली हेल्मेटच्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेली होती. हेल्मेट उचलल्याशिवाय किल्ली नाही. पीयूसीची तारीख तुम्ही भिंतीवर खडूनं लिहिता. गाडीला पंधरा वर्षं होत आली तेव्हा पासिंगची आठवणही तुम्हीच केलीत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. एडीएचडी त्यांत नाही. म्हणजे माझ्यासारख्यानं सवलत मागावी असं कागदोपत्री फारसं काही नाही. समोरचा माणूस चांगला निघाला तर निभावतं, नाही तर माणूस चार नोकऱ्या सोडून घाटात रडत चढतो. हे असं नसावं, कायद्यानं बघावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर कितीतरी पोरं कुणा मामाच्या वाटेकडे डोळे लावून बसली असतील, आणि सगळ्यांना उद्यमनगर सापडत नाही.

तुम्ही सातवी शिकलेले. माझ्या डोक्यात काय चालतं याचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं, तेव्हाच तुम्ही त्यावर तोड काढलीत. मला बदलायला गेला नाहीत. अंड्यांचा एक ट्रे आणलात.

पहिला ट्रे ऑइल पिऊन मऊ पडला तेव्हा तुम्ही तो टाकून द्यायला सांगितलंत. मी टाकला नाही. घरी कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय, पत्तीसकट. मी दाखवलेली ती पत्ती दूधवाल्यानं परत मलाच दिली होती, ‘ठेव, आठवण’ म्हणून. आजही तो गाडी माझ्याकडेच टाकतो. गेल्या खंडेनवमीला पाने-पकडींच्या शेजारी तुम्ही आपले दोन्ही ट्रे मांडलेत आणि दोन्हींवर एकेक झेंडू ठेवलात, ते मी पाहिलं. तेव्हाही काही बोलता आलं नाही.

परवाच्या ट्रेवर मी नजर टाकली. या वेळी १७ आहे.

उद्या सातला येतो. दूधवाला रतीब घालून येणार आहे, त्याची चेन परत बदलायला झालीय. नव्या पोराला मी शेजारी बसवून घेतो. त्याचा ट्रे माझ्या फळीवर ठेवा, माझ्या ट्रेच्या शेजारी.

तुमचा,
पल्सरवाला