फाईल उघडेपर्यंत फोनवर थांबलेल्या माणसाला

नमस्कार,

फोन उचलल्या उचलल्या तुम्ही तुमचं नाव सांगितलं होतंत, पण मी ते ऐकलंच नाही. तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीच्या नंबरावर तुमच्याआधी तिघांशी बोलून झालं होतं आणि मी भांडायच्याच तयारीत होते. म्हणून हे पत्र असं बिननावाचं, उघड्यावर.

माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी, गेला. यंत्र आहे, कधीतरी जाणारच. नवा बसवून घेतला, डिस्क जुनीच जोडली, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ज्या सॉफ्टवेअरवर मी पुस्तकांची पानं लावते, त्याने मला ओळखच दाखवली नाही. म्हणे हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. दुसरा कुठला? टेबल तेच, स्क्रीन तोच, घासून अक्षर उडालेली कीबोर्डवरची बटणंही तीच!

असं का होतं, ते आता मला पाठ झालंय. अशी सॉफ्टवेअरं आपल्याला नाही, यंत्राला ओळखतात. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्डाचा तो १२ आकडे-अक्षरांचा पत्ता, असं सगळं मिळून एक खूण करून ठेवतात. रॅम (मेमरी) वाढवली तर बहुतेक वेळा काही बोलत नाहीत. पण नेटवर्कची चिप बहुधा बोर्डावरच असते, त्यामुळे बोर्ड बदलला की तो पत्ताही जातो आणि खूण जुळत नाही. यावर नियम काय, तर आधी जुन्या कॉम्प्युटरवरून लायसन्स डीअ‍ॅक्टिव्हेट, म्हणजे बंद, करा. म्हणजे मेलेल्या माणसाने स्वतः येऊन दाखल्यावर सही करायची.

तुमच्या पहिल्या सहकाऱ्याला मी म्हटलं, "अहो, तो बोर्ड जळालाय." ते म्हणाले, "हो मॅडम, तर तो चालू करून त्यातून साइन आउट करा." दुसऱ्या बाईंनी बिल मागितलं, मी पाठवलं, मग त्यांनी तेच बिल पुन्हा मागितलं. तिसऱ्यांनी तर निकालच लावला. तुमची आवृत्ती जुनी झाली, आता वर्गणी भरा. हे सॉफ्टवेअर मी एकरकमी पैसे मोजून घेतलंय हे त्यांच्या समोरच्या स्क्रीनवर दिसत असणार. क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी वापरणारे त्या वेळी निवांत काम करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. (हो, तशी कॉपी घ्यावी असं तेव्हा माझ्याही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?)

मग तुम्ही आलात. तुम्ही नेमकं काय केलंत ते मला सांगता येणार नाही. कुठल्यातरी जुन्या नोंदी मोकळ्या केल्यात, मला एक लांबलचक आकडा वाचून दाखवायला लावलात, एवढंच कळलं. मध्येच माझा एक आकडा चुकला तेव्हा तुम्ही म्हणालात, "असू दे, सुरुवातीपासून घेऊ." तेवढ्यानेच माझा आवाज खाली आला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. लायसन्स सुरू झालं, तुमचं काम तिथे संपलं होतं. बाकीच्यांनी इथे "आणखी काही मदत?" असं एका दमात म्हणून फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, "तुमची कामाची फाईल उघडते का, ते बघून घ्या. मी थांबतो." २१२ पानांचं पुस्तक, नव्या बोर्डावर पहिल्यांदाच उघडत होतं. निळी पट्टी सरकत होती, अडत होती. मी काही बोलले नाही, तुम्हीही नाही. तुमच्या बाजूने इतरांच्या बोलण्याची गजबज ऐकू येत होती, म्हणजे तुमच्याकडे रांग असणार. तरी एकदाही "झालं का?" असं विचारलं नाहीत. पान उघडलं, मी आधी जोडाक्षरं पाहिली, सगळी शाबूत. "उघडली," म्हटलं तर तुम्ही नुसतं "छान" म्हणालात.

भल्या माणसांचं हे मला नेहमी जाणवतं. ती नियम मोडून काही देत नाहीत. नियम संपतो तिथून दोन पावलं आपल्याबरोबर येतात, इतकंच. आणि तीही अशी, की पुढे कुठल्याच नोंदीत दिसू नयेत.

त्या गडबडीत मी "धन्यवाद" म्हटलं की नाही, मला खरंच आठवत नाही. फोन लागताना एक आवाज सांगतो की सेवेच्या दर्जासाठी हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. तुमच्या वरिष्ठांपैकी कुणी ती ध्वनिमुद्रणं ऐकत असेल, तर माझ्या फोनची शेवटची तीन-चार मिनिटं तेवढी ऐकावीत. त्यात कुणीच काही बोलत नाही.

तुमची,
जळक्या बोर्डवाली