केळीच्या चेंबरचे तापमान शून्य दाखवणाऱ्या आलेखाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आम्ही जोडलेल्या चाचण्यांचे आलेख चुकीचे आणि रिकामे येत असल्याबाबत; दुरुस्ती व वर्गणी परताव्याची मागणी.

महोदय,

सावदा (ता. रावेर, जि. जळगाव) येथे आमचे केळी पिकवण केंद्र आहे. बिलिंगचा सर्व्हर, वजनकाट्याचा संगणक आणि यूपीएस यांवर लक्ष ठेवण्यासाठी आम्ही आपली देखरेख सेवा घेतली. त्या कामाबद्दल तक्रार नाही. डिस्क भरत आली की मेसेज येतो, नेट गेले की येतो. तक्रार आहे ती आपल्या प्रतिनिधींनी विक्रीच्या वेळी छातीठोकपणे सांगितलेल्या गोष्टीबद्दल : "तुमची स्वतःची कुठलीही चाचणी जोडा. नाव, कोलन, आकडा अशी ओळ पाठवली की आलेख आपोआप तयार होतो." आम्ही वरची वर्गणी भरली ती एवढ्याचसाठी.

आम्ही पिकवण चेंबरमधले तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड या तीन गोष्टी एका छोट्या स्क्रिप्टने आपल्याकडे पाठवू लागलो. इथिलीन हा फळे पिकवणारा वायू सोडून केळी पिकवताना चेंबर साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवावे लागते. तेराच्या खाली गेले तर साल काळपट पडते. फार वर गेले तर गर मऊ होऊन जातो आणि साल मात्र हिरवट राहते. पिकू लागलेले फळ स्वतःही उष्णता सोडते. बाहेर मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कंप्रेसर बंद पडला, तर आत काय होते हे रावेर-यावलच्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारावे.

पहिले काही दिवस आलेखच आला नाही. चौकट यायची, खाली तारखा यायच्या, रेघ नाही. आपल्या मदत कक्षाने सांगितले, "दशांश काढून टाका, पूर्णांक पाठवा." १७.४ चे १७ केले आणि रेघ उमटली, पण शून्यावर! चेंबरच्या दारावरचा काटा १७ दाखवतो, आपल्याच पानावर हिरव्या खुणेशेजारी १७ लिहिलेले असते आणि त्याच्याच खालचा आलेख शून्य म्हणतो. मध्येच एखादा बारीक सुळका येतो, त्यावर आकडा "३.३३ एम". हे एम म्हणजे काय, असे विचारल्यावर मदत कक्षातील गृहस्थांनी "मिलियन असेल" असे उत्तर दिले. तेहतीस लाख अंशांत केळीच काय, चेंबरही उरले नसते.

खरा प्रकार आम्हीच शोधला. आपली सेवा झायमॉन या संगणकांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीवर चालते आणि झायमॉन आकडे आरआरडीटूल या आकडे साठवून आलेख काढणाऱ्या प्रोग्रामच्या फायलींत साठवतो. नाव-कोलन-आकडा या पद्धतीने आलेल्या चाचणीला, वेगळे काही सांगितले नसेल, तर तो 'डिराइव्ह' हा प्रकार लावतो. म्हणजे आलेला आकडा ठेवत नाही. मागच्या आकड्यापेक्षा तो दर सेकंदाला कितीने बदलला, तेवढेच ठेवतो. नेटवर्कवरून किती बाइट गेल्या, असल्या सतत वाढत जाणाऱ्या मोजणीला ते योग्य आहे. तापमानाला नाही. त्याला 'गेज' लागतो, म्हणजे आलेला आकडा आहे तसाच ठेवणारा प्रकार. गाडी कुठपर्यंत आली असे भुसावळ स्टेशनवर विचारावे आणि खिडकीतून फक्त वेग सांगावा, तसा हा आलेख आहे. १७ चे १८ व्हायला पाच मिनिटे लागली, तर एकाला ३०० ने भागून ०.००३३३ येतात, म्हणजे ३.३३ मिली, मिली म्हणजे हजारावा भाग. आलेखावरचा 'एम' तो हाच. तापमान स्थिर असेल तर शून्य. आणि डिराइव्ह दशांश स्वीकारत नाही, म्हणून सुरुवातीला चौकट रिकामी होती. आपल्या लॉगमध्ये दर पाच मिनिटांनी हा आकडा पूर्णांक नसल्याची नोंद पडत होती. ती वाचण्याऐवजी आम्हाला दशांश काढायला लावले, म्हणजे रोग तसाच ठेवून ताप उतरवल्याचे दाखवले. दुरुस्ती काय, तर सेटिंगमध्ये त्या चाचणीपुढे गेज लिहिणे. एक ओळ. ती फाइल आपल्या ताब्यात आहे, ग्राहकाला उघडता येत नाही, आणि आपल्या मराठी-इंग्रजी मार्गदर्शिकेत तिचा उल्लेखही नाही.

याचा फटका असा बसला. उन्हाळ्यात एका रात्री कंप्रेसर बसला. आपला मेसेज वेळेवर आला, हे मान्य करतो. माणूस धावला, कंप्रेसर सुरू झाला. पुढे त्या चेंबरमधल्या मालाबद्दल व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला आणि तापमान किती वर गेले होते, किती वेळ राहिले, ते दाखवा म्हणाला. दाखवायला काय होते? शून्यावरची रेघ आणि एक सुळका. आम्ही भाव सोडला.

आर्द्रतेचा आलेख तर आजही कोरा आहे. ते सेन्सर बॅटरीवर असल्याने दर १५ मिनिटांनी आकडा देते आणि आपल्या फायलीत दोन आकड्यांमधले अंतर ६०० सेकंदांपेक्षा जास्त झाले की मधला काळ 'अज्ञात' धरला जातो. ही मर्यादा आहे त्या फायलीतही वाढवता येते. "सेन्सर बदला" हा सल्ला आम्हाला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट, गेज लावल्यावरही उरणारी. पाच-पाच मिनिटांचे आकडे आपण ४८ तासच ठेवता. त्यानंतर अर्ध्या तासाची सरासरी, मग दोन तासांची, मग दिवसाची. आमची केळी पिकायला चार ते सहा दिवस घेते. म्हणजे माल बाहेर निघेपर्यंत पहिल्या दिवशीचा दहा मिनिटांचा चढ सरासरीत विरून गेलेला असतो. आम्हाला सरासरीबरोबर कमाल आकडाही साठवून हवा आहे. आरआरडीटूलमध्ये ती सोय आहे. आपण ती चालू केलेली नाही एवढेच.

तेव्हा तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड तिन्ही गेजवर घेऊन फायली नव्याने तयार कराव्यात, कारण जुन्या फायलीचा नुसता प्रकार बदलला तरी आत साठलेले आकडे वेगाचेच राहतात आणि आलेखात दोन्हींची खिचडी होईल. आर्द्रतेची मर्यादा १८०० सेकंद करावी. कमाल आकड्यांचा साठा जोडावा. आमच्या चेंबरमधून आलेले मूळ संदेश आपल्या बॅकअपमध्ये असतील, तर ते आम्हाला द्यावेत. चाचणी जोडल्यापासून वरच्या वर्गणीतला फरक परत करावा; पुढच्या बिलात वळता केला तरी चालेल.

हे काम तांत्रिक विभागातील व्यक्तीकडे द्यावे, ही विनंती. मदत कक्षाकडून पुन्हा "ब्राउझर रिफ्रेश करून पाहा" असे उत्तर आल्यास आम्ही वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही. नव्या हंगामाचा माल चेंबरमध्ये लागण्याआधी आलेख सुरू झालेले हवेत.

कळावे,

आपला ग्राहक,
संगणक विभाग प्रमुख,
केळी पिकवण केंद्र, सावदा

सोबत : १) शून्य दाखवणाऱ्या आलेखाचे आणि त्याच वेळच्या दारावरील काट्याचे छायाचित्र २) मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार ३) वर्गणीच्या पावत्या