प्रकल्प माझ्या दुकानात होतात, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पाचवी ते आठवीचे प्रकल्प आणि शाळेतलं कुलूपबंद कपाट

स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हैसाळ योजनेचं, म्हणजे कृष्णा नदीतून उचललेलं, पाणी उशिरा का होईना जिथं पोचलं अशा एका तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर. सकाळी साडेनऊपासून घंटा होईपर्यंत मला मान वर करायला सवड नसते. ‘काकू, प्रदूषण काढा, पाच पानं, कलर.’ ‘काकू, वाहतुकीची साधनं तयार आहेत का?’ आया येतात त्या मोबाइलच पुढं करतात. वर्गाच्या ग्रुपवर रात्री नऊला मेसेज पडलेला असतो, ‘उद्या सर्वांनी प्रकल्प आणणे.’ पूर्वी मी नेटवर शोधून द्यायचे. आता निम्म्या जणी चॅटजीपीटीतून मजकूर घेऊनच येतात, मी फक्त अक्षर मोठं करून प्रिंट देते. कलर पान दहा रुपये, वर फाइल, वर चित्रांचा तक्ता. तेव्हा हे पत्र मी स्वतःच्याच पोटावर पाय आणून लिहिते आहे, हे आधी सांगून ठेवते.

माझं डी.एड. झालंय. शिक्षकभरती कित्येक वर्षं थांबली, वाट बघून बघून मी शेवटी मशीन घेतलं. त्यामुळं आकारिक मूल्यमापन, म्हणजे नुसत्या परीक्षेवर नाही तर वर्षभराच्या कामावर मुलाला जोखणं, म्हणजे काय, हे मला गिऱ्हाइकांपेक्षा जरा जास्त कळतं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनतंत्रं ठरली. त्यामागचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा तर कलम २९ मध्ये सांगतोच की मुलानं कृतीतून, शोधातून शिकावं. कागदावर नाव ठेवायला जागा नाही. पण प्रकल्पाचा रकाना भरायचा असतो, रकाना भरायला फाइल लागते, आणि फाइल माझ्याकडं मिळते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सहावीतला एक मुलगा आला. विषय होता ‘आपल्या परिसरातील जलस्रोत’. मी नेहमीसारखं टाइप केलं. गंगा आली, यमुना आली, काश्मीरमधल्या तळ्याचा फोटो आला. आमच्या भागातून वाहणारी अग्रणी नदी काही आली नाही. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मी त्याला चार कोरे कागद दिले आणि म्हटलं, तुमच्या वस्तीवर विहीर आहे ना? आजीला विचार तिच्याबद्दल, आणि सांगेल ते लिही.

तिसऱ्या दिवशी तो दीड पान लिहून घेऊन आला. पहिलं वाक्य : ‘आमची विहीर पणजोबांनी पाडली, ती सात परस आहे.’ पुढं नुसती खोडाखोड. कारण परस म्हणजे किती, यावरच गाडी अडलेली. आजी म्हणाली, हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे परस. चुलता म्हणाला, हात कशाला, नुसता माणूस. शेजारच्या गवंड्यानं सांगितलं, दोन्ही हात पसरले की परस. मग पोरानं दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला आणि दोरी टेपनं मोजली. खाली लिहिलं होतं : ‘दोरी ४४ फूट. ४४ भागिले ७ म्हणजे सव्वासहा फूट. एवढा उंच माणूस आमच्या वस्तीवर नाही. म्हणून आजीचं बरोबर असेल. पण हात वर केल्यावर सव्वासहा म्हणजे माणूस लहान झाला. आजी म्हणते पणजोबा बुटके होते.’

पुढं बाहत्तरच्या दुष्काळाची हकीकत होती. तळाच्या झऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरायची, आणि तेवढ्यासाठी रात्री दोनला नंबर लावायचा. शेवटची ओळ अशी : ‘आता म्हैसाळचं पाणी सुटलं की विहीर भरते, पण ते पाणी विहिरीचं का नदीचं ते कळत नाही.’

साहेब, मी डी.एड.ला असताना शोधक वृत्तीवर वीस गुणांचं उत्तर लिहिलं होतं. ती दिसते कशी, हे मला त्या दिवशी कळलं.

शाळेतून ते परत आलं. टाइप करून, चित्रं लावून, फाइलमध्ये घालून आणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आण, तुझंच टाइप करून देते. तर म्हणाला, ‘नको काकू, ते गंगेचंच द्या.’ सहा पानं कलर, साठ रुपये. फाइल वीस. घेतले मी.

त्याच्या वर्गाच्या बाईंना मी दोष देत नाही. एका वेळी दोन वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मधूनच मतदार यादीचं काम. तीस मुलांची दीड दीड पानं वाचायला वेळ लागतो, तीस फायली मोजायला लागत नाही.

पण प्रश्न नुसता फायलींचाही नाही. तिसरीपर्यंत मुलाला वाचता यावं म्हणून आपल्याकडं निपुण भारत आहे. पाचवीनंतर आपण धरूनच चालतो की वाचता आलं म्हणजे वाचून शोधताही आलं. तसं होत नाही. दुकानात मुलांना दोन पानं हातात दिली की ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून काढतात, जाहिरातीसकट. यातलं मला काय हवं, हे आपल्याला विचारायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. विज्ञानाच्या पुस्तकात ‘इंटरनेट माझा मित्र’ अशी चौकट असते. नाव गोड आहे. पण या मित्राला प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचं कितपत खरं मानायचं, हे कोणत्या तासाला शिकवायचं?

आणि पुस्तकं? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे, वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टीच्या पुस्तकांसह. मी पाहिलेल्या शाळांत ते ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ते उघडतं. मुलं ओळीनं बसतात, पुस्तक तोंडासमोर धरतात, फोटो निघतो, कुलूप लागतं. त्या दिवसाचे फलक माझ्याकडंच छापतात, म्हणून मला माहीत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत. मराठी विश्वकोश फुकट आहे, कुमारांसाठीचा वेगळा आहे. यातलं एक पान आजवर कुणी माझ्याकडं छापायला आणलेलं नाही.

आणखी एक. शाळेपासून पाच मिनिटांवर गावाचं सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारमान्य, अनुदान घेणारं. दुपारी तिथं चार निवृत्त माणसं पेपर वाचतात आणि ग्रंथपाल पेंगतात. ते उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडं, शाळा आपल्याकडं. मधला रस्ता मुलांना ओलांडता येतो, फायलींना येत नाही. आपले ते सहकारी मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत आपल्याच टेबलाला बसत असतील. आठवड्यातला एक तास सहावी-सातवीचा वर्ग तिथं नेऊन बसवायचा, एवढं तरी दोघांनी मिळून ठरवा. ग्रंथपालही जागे राहतील.

मध्यंतरी पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं जोडली होती. २०२३ ला आली, दोन वर्षांत गेली. पानं वाईट नव्हती हो. त्यांवर काय लिहायचं, ते कुणी विचारलंच नाही.

नवीन योजना, नवीन ॲप, नवीन उत्सव यातलं काही मला मागायचं नाही. विषयागणिक प्रकल्प बंद करा, वर्षाला दोन पुरेत. ते शाळेच्या वेळात आणि मुलाच्या हस्ताक्षरात व्हावेत. छापील पान घेऊच नये, असं एका ओळीचं परिपत्रक काढा, मी ते दुकानात लावीन. प्रश्न असा द्या की माझ्या मशीनला उत्तर देता येऊ नये. आपल्याच शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये १९८० साली पहिलीत किती मुली दाखल झाल्या, आणि आज किती? गावातल्या आळ्यांना ही नावं कशी पडली? द्राक्षबागा येण्याआधी या रानात काय पिकायचं? रजिस्टर शाळेतच असतं, उतारे तलाठ्याकडं असतात, बाकीचं म्हाताऱ्यांना माहीत असतं. आणि शेवटी प्रत्येक मुलानं लिहावं, ‘हे मला कुठून कळलं.’ पुस्तक असेल तर त्याचं नाव, माणूस असेल तर नातं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं असेल तर दोन्ही. गुण द्यायचेच असतील तर या ओळींना द्या. मजकूर काय, तो मीसुद्धा काढून देते.

तो मुलगा आता सातवीत आहे. परवा पेन घ्यायला आला तेव्हा सांगत होता, वस्तीवरच्या दुसऱ्या एका विहिरीलाही त्यानं दोरी लावली आणि तिथला परस सव्वासहाचा निघत नाही. का, ते अजून सापडलेलं नाही. त्याचं ते दीड पान माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. आपल्याला हवं असेल तर झेरॉक्स पाठवते. त्याचे पैसे घेणार नाही.

कळावे,

आपली,
शाळेसमोरची झेरॉक्सवाली