धूमकेतू परत निघालाय!

महोदय,
१९८६ साली मी १२ वर्षांचा होतो. हॅलेचा धूमकेतू दाखवायला वडिलांनी पहाटे गच्चीवर नेलं. दिसला तो कापसाच्या पुसट बोळ्यासारखा. (शेजारच्या काकांना तर तोही दिसला नाही.) तरी महिनाभर मी वर्गात त्याच्या शेपटीच्या थापा मारत होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये हा धूमकेतू नेपच्यूनच्या कक्षेपलीकडून वळला. २०६१ मध्ये पुन्हा येईल. तेव्हा मी ८७ वर्षांचा असेन. ‘या वयात कसली ही हौस?’ असं लोक म्हणतात. वय आणि हौस यांचा संबंध कुणी लावला, देव जाणे. गुडघे जिने चढतील का, ही काळजी बायकोची. मी माळ्यावरची दुर्बीण पुसून ठेवली आहे.

– एक वाचक, सातारा