सूत्र पाठ, लेबल कोण वाचणार?

महोदय,

नर्सिंगच्या विद्यार्थिनींकडून औषधाच्या मात्रेचे सूत्र पाठ करून घेतले जाते: हवी असलेली मात्रा भागिले औषधाची ताकद, गुणिले ती ताकद जितक्या मिलीत आहे तितके मिली. सूत्र सोपेच आहे, घोळ होतो तो लेबल वाचताना. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिले, तर लागतात १८० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे असेल तर ७.५ मिली, २५० मिलिग्रॅमचे असेल तर फक्त ३.६ मिली. सवयीने दुसऱ्या बाटलीतूनही ७.५ मिली दिले, तर ३७५ मिलिग्रॅम पोटात गेले!

इन्सुलिनची भीती याहून मोठी. आपल्याकडे मिलीला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदी मिळतात. १०० ताकदीचे इन्सुलिन ४० च्या, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट मिळतात. साखर झपाट्याने उतरून तो बेशुद्ध पडू शकतो.

सलाईनचेही तसेच. ५०० मिली ४ तासांत द्यायचे, तर एका मिलीचे २० थेंब पाडणाऱ्या सेटला (सलाईनच्या नळीला) मिनिटाला ४२ थेंब, ६० थेंब पाडणाऱ्या मायक्रो सेटला १२५. सेटच्या पाकिटावरचा आकडा पाहिल्याशिवाय गणित मांडूच नये.

कोल्हापुरातील नर्सिंग महाविद्यालयांनी हा भाग फळ्यावर न उरकता रिकाम्या बाटल्या, व्हायल आणि सिरिंज हातात देऊन शिकवावा. प्रात्यक्षिक परीक्षेत एकाच औषधाच्या दोन ताकदी समोर ठेवाव्यात. टिंब नजरेतून सुटले की ‘.५’ चे ५ वाचले जाते, म्हणून ‘०.५’ न लिहिल्यास गुण कापावेत.

– एक नर्सिंग शिक्षिका, कोल्हापूर